हप्ता सुगीवर ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फिनटेक, म्हणजे मोबाइलवरून बँकेचे व्यवहार आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांत होणाऱ्या गुंतवणुकीवर आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. भारत, ब्राझील, केनिया अशा देशांत मोबाइलवरच्या बँकिंगला किती वाव आहे, हे त्यात नीट मांडलं होतं. मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात एका गावात बँक सखी आहे. अंगठ्यावर पैसे काढून देणं, भरून घेणं, कुणाचं खातं आधारला जोडलंय ते बघणं, हे माझं रोजचं काम. लेखात न आलेली एक गोष्ट, म्हणजे सुगीआधीच दर महिन्याला येणारा कर्जाचा हप्ता, माझ्या टेबलावर वरचेवर येते, म्हणून हे पत्र.

या यंत्रणेनं गावाचं भलं केलं, यात मला शंका नाही. २०१४ ला जनधन खाती निघाली, २०१६ ला यूपीआय आलं. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. आमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा स्कॅनर लटकतोय. पूर्वी पाचशे रुपये काढायला बाया रोज बुडवून तालुक्याला जायच्या, ते आता थांबलं. पैसे देण्याघेण्याचा प्रश्न बराचसा सुटला. पैसे उसने मिळण्याचा सुटला नाही, उलट त्यात नवा गुंता झाला.

गेल्या ऑगस्टमध्ये गावातल्या एक मावशी लाडक्या बहिणीचे पंधराशे काढायला आल्या. हिवाळाभर उसात कोयता चालवून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. अंगठा पदरावर पुसून तिसऱ्यांदा ठेवला तेव्हा कुठं लागला. खात्यात शिल्लक तीनशे वीस. "अगं, पंधराशे आले म्हणून मेसेज आला व्हता की. तुझं मशीन बिघडलं का काय?" मी मिनी स्टेटमेंट काढलं. ५९० वजा, पुन्हा ५९० वजा. हप्ता परत गेला की पाचशे रुपये दंड आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. कर्ज देणाऱ्या कंपनीनं हप्ता दोनदा ओढून पाहिला, खात्यात पैसे नव्हते, दोन्ही वेळा दंड बसला. लाडक्या बहिणीचे पैसे कशातही वळते करून घेऊ नका, असं सरकारनं बँकांना २०२४ मध्येच सांगितलं होतं. तरी पैसे जमा होताच मागचा दंड आपोआप कापला गेला.

मावशी दोन एकर बटईनं करतात. सातबारा मालकाच्या नावावर, त्यामुळे पीककर्ज मिळत नाही. जूनमध्ये सोयाबीनचं बियाणं आणि खतासाठी त्यांच्या मुलानं त्यांच्या नावावर मोबाइलवरून तीस हजारांचं कर्ज काढलं. सगळं रीतसर होतं. रक्कम थेट खात्यात आली, व्याजाचा तपशील कागदावर होता. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जाला नियम घातले, त्याचा हा फायदा. आडला तो फक्त हप्ता. दर महिन्याच्या ५ तारखेला अठ्ठावीसशेच्या वर. जुलैचा हप्ता हातात उरलेल्या पैशांतून गेला. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलात असतं. तेव्हा बटईदाराच्या घरात पैसा यायचा कुठून?

आमच्या शाखेतल्या साहेबांनी यातली खरी मेख समजावून सांगितली. थोड्या मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं तर ते बुडीत धरतात. बियाण्यासाठीच काढलेले पैसे कागदावर 'वैयक्तिक कर्ज' म्हणून लिहिले की मुदत उरते नव्वद दिवसांची. बी तेच, रान तेच, पाऊसही तोच. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला सुगीपर्यंत थांबायची मुभा आणि जो दुसऱ्याच्या रानात राबतो त्याच्यामागे ५ तारीख. हा अन्याय कुणी मुद्दाम केला असं मी म्हणत नाही. शहरातल्या पगारदाराचा मासिक हप्ता जसाच्या तसा खेड्यात आणला गेला. दर महिन्याला वसुली दिसली की गुंतवणूकदारही समाधानी असतो.

नियमांत याला जागा आहे. मार्च २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या सूक्ष्मकर्ज नियमावलीत फेडीचा काळ कर्जदाराच्या गरजेप्रमाणे ठेवण्यासाठी प्रत्येक संस्थेनं धोरण ठरवावं, असं स्पष्ट म्हटलंय. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांचं विनातारण कर्ज त्यात येतं. म्हणजे आमच्या गावातली बहुतेक घरं आली. पण मोबाइलवर कर्जाचा अर्ज भरताना हप्ता कधी सोयीचा पडेल, असं विचारणारा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

बाहेर हे करून दाखवलेलं आहे. केनियात २००७ ला एम-पेसानं मोबाइलवरून पैसे पाठवायला सुरुवात केली. पुढे तिथंही झटपट कर्जांचा सुळसुळाट झाला आणि २०२१ मध्ये कायदा बदलून त्या कंपन्यांना परवान्याखाली आणावं लागलं. त्याच देशात वन एकर फंड ही संस्था २००६ पासून लहान शेतकऱ्यांना बियाणं आणि खत उधारीवर देते. शेतकऱ्यानं मुदतीच्या आत जमेल तेव्हा, जमेल तेवढे भरायचे. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या यूएलआय या नव्या यंत्रणेत, जी कर्ज देणाऱ्यांना कर्जदाराची माहिती एका जागी मिळवून देते, दूध संघाच्या हिशेबावरून दूधवाल्याला कर्ज देण्याची सोय आहे. दुधाचा हिशेब दिसत असेल तर आडतीवरची हिशेबपट्टीही दिसू शकते. बटईदार कोणत्या महिन्यात माल घालतो आणि किती, हे त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ती वाचून हप्ता ठरवणारी कंपनी कुणी काढत असेल, तर भांडवल तिथं घाला, एवढी माझी गुंतवणूकदारांना कळकळीची विनंती आहे. आणि परत गेलेला हप्ता दंड लावत पुन्हा पुन्हा ओढणं रिझर्व्ह बँकेनं थांबवावं.

मावशींचं पुढं काय झालं तेही सांगते. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात बसलं. नुकसानीचं अनुदान मालकाच्या खात्यावर गेलं. दसऱ्याला मुकादमाकडून उचल घेऊन त्यांनी कंपनीचे सगळे पैसे फेडले आणि सुनेला, नातवाला घेऊन उसाला गेल्या.

परवा त्या परत आल्या. ७ जूनला मृग निघेल, पुन्हा बियाणं घ्यायचंय. दुसऱ्या एका कंपनीचा मेसेज आलाय, लगेच कर्ज, पहिला हप्ता ५ जुलैला. मोबाइल माझ्यापुढे धरून त्या विचारत होत्या, "यात कुठं दाबायचं गं?"

आपली,
एक बँक सखी, ता. केज, जि. बीड