ओव्या ध्वनिमुद्रित करण्याआधी अ‍ॅप पारखून घ्या

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

सुट्टीत गावी जाणारी मुले-नातवंडे आजीच्या जात्यावरच्या ओव्या किंवा आजोबांच्या भजनाच्या चाली मोबाइलवर मुद्रित करून घेऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र हे काम कोणत्या अ‍ॅपवर करायचे, याचा विचार फारसा कोणी करत नाही. फोनमध्ये आधीपासून जे असेल ते, नाहीतर शोधल्यावर सर्वांत वर दिसेल ते, असा सरसकट प्रकार असतो. मीही तेच केले आणि घरातली एक मोलाची ठेव अर्धीमुर्धी गमावली, म्हणून हे पत्र लिहिण्यास बसले आहे.

माझ्या थोरल्या आत्याला शेकड्यांनी ओव्या तोंडपाठ होत्या. २०१४ साली माझ्या आग्रहाखातर ती एका पहाटे पुन्हा जात्याशी बसली. मी फोन तिच्या गुडघ्याशी, दाण्यांच्या सुपाच्या कडेला ठेवला आणि आधीपासूनच असलेल्या अ‍ॅपचे लाल बटण दाबले. जवळजवळ दोन तास ती गात होती. मधूनमधून जात्याला वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, घालायला थांबे आणि मग नव्या ओवीने खुंट्याला हात घाली. पुढे २०१७ मध्ये ती गेली. त्यानंतर मी त्या ओव्या वहीत उतरवायला घेतल्या, तेव्हा माझ्या ध्यानात आले की, आवाज आत्याचाच असला तरी तो जणू गोधडीआडून येतो आहे. एका ओवीच्या शेवटी ती ‘सरी’ म्हणते की ‘हरी’, हे शंभर वेळा ऐकूनही मला ठरवता आलेले नाही. गळ्यातली सरीही तिथे बसते आणि पंढरीचा हरीही बसतो. विचारायला आता ती नाही.

असे का झाले, हे नंतर समजून घेतले. त्या अ‍ॅपने फाइल ‘एएमआर’ या प्रकारात साठवली होती. हा प्रकार मुळात मोबाइलवरच्या संभाषणासाठी घडवलेला असून त्याच्या साध्या रूपात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे मोजण्या, घेतले जातात. त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४,००० कंपनांच्या, वरचे काही नोंदलेच जात नाही आणि ‘स’ या वर्णाची जी सळसळ असते, विशेषतः बायकांच्या आवाजातली, तिचा मोठा भाग नेमका त्या रेषेच्या वर असतो. ती गाळली गेली की ‘स’, ‘फ’ आणि ‘ह’ यांच्यातले अंतर कानाला कळेनासे होते. दूरध्वनीवर आपण संदर्भाने समजून घेतो, म्हणून तिथे चालून जाते. ओवीत मात्र पुढचा शब्द कोणता येईल, हे गाणारीलाच ठाऊक असते. मराठीपुरते बोलायचे तर ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ हे दोन निराळे उच्चार आपण एकाच अक्षराने लिहितो. वेगवेगळ्या भागांतल्या बोलींमध्ये असे भेद किती तरी असतात आणि ते टिपण्यासाठीही हाच वरच्या पट्टीतला आवाज हाताशी असावा लागतो.

म्हणून अ‍ॅप निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की, ते आवाज कोणत्या रूपात साठवते. उत्तर ‘वेव्ह’ (WAV) असे असेल, तर ते निःशंकपणे पसंत करावे. या प्रकारात आवाज दाबून लहान केला जात नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट ही सीडीची जुनी मोजणी पुरेशी आहे. तेवढ्यात एका मिनिटाला साधारण ५.३ एमबी, म्हणजे तासाला ३१८ एमबीच्या आसपास जागा लागते, तीही ‘मोनो’, म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज, ठेवल्यास. एका गाणाऱ्या बाईसाठी मोनोच योग्य. ज्या फोनमध्ये आपण लग्नांचे व्हिडिओ भरून ठेवतो, त्यात एका तासाच्या ओव्यांसाठी ही जागा अगदीच किरकोळ आहे. आवाज दाबून लहान करणाऱ्या ‘एएसी’ प्रकारात १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) ठेवले, तर तासाला ५८ एमबीत भागते आणि बोलणे स्वच्छ ऐकू येते, हे मान्य. पण जे टाकून दिले ते पुन्हा मिळत नाही आणि वेव्हवरून लहान प्रत केव्हाही करता येते.

एएसी आवाज बहुधा ज्या ‘एमफोरए’ फाइलमध्ये साठवला जातो, तिच्या बाबतीत आणखी एक धोका सांगायलाच हवा. ध्वनिमुद्रण नीट बंद केल्यावर फाइलमधली अनुक्रमणिका लिहिली जाते. मधेच बॅटरी संपली किंवा फोनने अ‍ॅप बंद पाडले, तर अनुक्रमणिकाच राहून जाते आणि तासभराचे गाणे आत असूनही फाइल उघडत नाही. वेव्ह फाइल अशा वेळी बहुधा वाचवता येते. मुळात अशी वेळ येऊ नये म्हणून गाणे सुरू करण्याआधी फोन विमान मोडवर टाकावा, बॅटरी वाचवण्याची सोय बंद करावी आणि दर अर्ध्या तासाने थांबून नवी फाइल सुरू करावी. गाणारीलाही तेवढाच विसावा मिळतो.

दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. अ‍ॅप आपण होऊन आवाज ‘सुधारते’ का? आत्याच्या धाकट्या जाऊबाईंच्या ओव्या दोन वर्षांपूर्वी मुद्रित केल्या, तेव्हा मी मुद्दाम चांगली वाखाणणी असलेले अ‍ॅप घेतले होते. त्यात गोंगाट कमी करण्याची सोय आपोआप चालू होती. घरी येऊन ऐकते तो जात्याची घरघर जवळजवळ नाहीशी झालेली! अ‍ॅपच्या लेखी तो गोंगाट होता. इतकेच नाही, तर ओवीच्या शेवटी स्वर जिथे हळूहळू खाली उतरतो आणि श्वासात मिसळतो, ती शेपटीही जागोजागी कापली गेली होती. जाते हे ओवीचे तालवाद्य आहे. बाई दमते तेव्हा त्याची गती मंदावते, ओवी लांबते. नवी वैरण पडली की घरघरीचा पोत बदलतो. ते काढून टाकल्यावर उरते ते निव्वळ पाठांतर. याला जोडूनच आवाजाची पातळी आपोआप वरखाली करण्याचीही सोय असते. गाणारी थांबली की ती पातळी चढते आणि दूरच्या कोंबड्याचे आरवणे कानाशी येते. बैठकीचे टिपण घेण्यासाठी या सोयी उपयोगी असतील. ओवीसाठी त्या बंद करता आल्या पाहिजेत. ज्या अ‍ॅपमध्ये त्या बंदच होत नाहीत, ते या कामासाठी सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्या मी अँड्रॉइडवर ‘इझी व्हॉइस रेकॉर्डर’ वापरते. त्यात वेव्ह प्रकार निवडता येतो आणि संगीत व कच्चा आवाज यांसाठी वेगळी जुळणी आहे, जी प्रक्रिया शक्य तितकी बाजूला ठेवते. आयफोन वापरणाऱ्यांना वेगळे अ‍ॅप शोधण्याची फारशी गरज नाही. त्यातल्या ‘व्हॉइस मेमोज’च्या सेटिंगमध्ये ऑडिओची गुणवत्ता ‘कॉम्प्रेस्ड’ असते, ती ‘लॉसलेस’ (काही न गाळणारी) करून घ्यावी. एवढी एक गोष्ट माझ्या भाच्याला कळली, तेव्हा तो वर्षभर दाबलेल्या आवाजातच मुद्रण करत आला होता.

फुकटच्या अ‍ॅपबद्दल माझी तक्रार नाही, पण त्याचा मालक कोण, हे अधूनमधून पाहत राहावे. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ या नावाची साधी, जाहिरातविरहित आणि खुल्या आज्ञावलीची (ओपन सोर्स) अ‍ॅप अनेकांच्या आवडीची होती व त्यात ध्वनिमुद्रणाचेही अ‍ॅप होते. २०२३च्या अखेरीस ती दुसऱ्या कंपनीला विकली गेली. तेव्हा जुन्या कामातल्याच काही मंडळींनी ‘फॉसिफाय’ नावाने तीच आज्ञावली पुढे चालू ठेवली. आपल्या फोनमध्ये मात्र नाव आणि चित्र तेच राहते, मालक बदलल्याचे कळतही नाही. म्हणून अ‍ॅप कोणते परवाने मागते, हे वाचावे. ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोनचा परवाना लागतो, फार तर फाइली ठेवण्याचा; संपर्कयादी कशासाठी हवी? शिवाय फाइल आपल्या फोनमधल्या साध्या फोल्डरमध्ये मिळते की त्या अ‍ॅपच्या पोटातच अडकून राहते, हेही पाहून घ्यावे. फोन बदलताना या दुसऱ्या प्रकाराचा फार मनस्ताप होतो.

आवाजाचे लगेच अक्षरांत रूपांतर करून देणारी अ‍ॅप आज मोहात पाडतात. मी ती करून पाहिली. प्रमाण मराठीतले संथ बोलणे ठीक उतरते, पण ओवीच्या गायनातले लांबवलेले स्वर आणि मावळी शब्द यांचे जे होते, ते वाचण्याजोगे नसते. शिवाय अशा अ‍ॅपपैकी काही आवाज दूरच्या यंत्रणेकडे पाठवून तिथे हे काम करतात. ओवीत सासरचा जाच असतो, भावाने पाठ फिरवल्याचे दुःख असते, गेलेल्या लेकराचे नाव असते. हे सारे गाणाऱ्या बाईने आपल्यापुढे, जात्याशी बसून म्हटलेले असते. ते घराबाहेर जाऊ द्यायचे की नाही, हे तिला विचारल्याशिवाय कोणी ठरवू नये.

या कामाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, हे नव्या पिढीने जाणून घ्यावे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या समाजअभ्यासकांनी पुण्याजवळच्या मावळ-मुळशीपासून आरंभ करून गावोगावच्या स्त्रियांच्या १,००,०००हून अधिक ओव्या जमवल्या. १९९०च्या दशकात संगीत-संशोधक बर्नार्ड बेल त्यांच्यासोबत आले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची नोंद लागली. हा ठेवा आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ म्हणजे ‘परी’च्या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो. तिथल्या ओव्या ऐकताना जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि दुसऱ्या बाईने मधेच घातलेली भर हे सगळे जागच्या जागी आहे. त्या काळी असे मुद्रण करायला वेगळी यंत्रे गावोगाव न्यावी लागत. आज तेवढ्या प्रतीचा मायक्रोफोन नसला तरी कामापुरता मायक्रोफोन प्रत्येक घरात आहे आणि जात्यावर गाणाऱ्या बायका मात्र वेगाने कमी होत आहेत.

आणखी एक चूक सर्रास होते. चांगले मुद्रण करून ते नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जाते, मग फोनमधली जागा मोकळी करताना मूळ फाइल पुसली जाते आणि समूहातली प्रत तेवढी उरते. व्हॉट्सअ‍ॅपचा आवाजी निरोप हा निरोपच असतो, तो आवाज दाबूनच पाठवला जातो. फाइल पाठवायचीच असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे आहे तशी पोहोचते. मूळ प्रत संगणकावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावी. मुद्रणाच्या सुरुवातीलाच गाणाऱ्या बाईचे नाव, माहेर, सासर, गाव आणि तारीख आपल्या तोंडाने बोलावी. फाइलीचे नाव बदलले तरी ते आत राहते.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या रविवारच्या पुरवणीत फोनची ओळख करून देणारे सदर असते. त्यात कॅमेऱ्याविषयी भरभरून असते, पण हा फोन आवाज कसा मुद्रित करतो आणि त्यातले मूळचे अ‍ॅप कोणत्या प्रकारात फाइल ठेवते, याविषयी दोन ओळीही नसतात. त्या दोन ओळी यापुढे द्याव्यात.

आत्याच्या जाऊबाई आता ८२ वर्षांच्या आहेत. जाते ओढणे त्यांना झेपत नाही, पण शेजारची सून खुंटा धरणार आहे आणि त्या नुसत्या गाणार आहेत. पुढच्या महिन्यात मी जाईन. फोन त्यांच्या नातवाचा असेल, म्हणून हे पत्र छापून आल्यास त्याचे कात्रण आधी त्याला पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
भोर तालुका, जि. पुणे