जुन्या पडद्याचा गाऊन: शिवण्याआधी कापड पाहा

महोदय,

नाटकासाठी किंवा वेशभूषा स्पर्धेसाठी घोळदार गाऊन हवा असला, की जुने पडदे, चादरी आणि उरलेले तुकडे जोडून तो घरीच शिवा, असा सल्ला हमखास दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण छापून येणाऱ्या बहुतेक कृती थेट शिलाईपासून सुरू होतात आणि गाऊन बिघडतो तो त्याआधीच, कापड निवडताना.

जुनं कापड उजेडासमोर धरलं की विरलेली जागा लगेच दिसते. पडदे उन्हाने कुजतात, तेही बहुधा चुण्यांच्या कडेवर. तिथे दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहावं. धागे तुटल्याचा आवाज आला तर तो पट्टा बाजूला काढावा. अंगावरच्या कपड्यांतला काखेचा आणि कोपराचा भाग वापरूच नये. उरलेले कोरे तुकडेसुद्धा कापण्याआधी धुवावेत. सुती कापड आटतं, पॉलिस्टर आटत नाही. दोन्ही शेजारी शिवून मग धुतली तर शिवणीला पडलेल्या चुण्या इस्त्रीनेही जात नाहीत.

घेरासाठी अखंड गोल कापण्याच्या फंदात पडू नये, तेवढा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, जुन्या कापडात मिळत नाही. कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद पट्ट्या, कराव्यात. कंबर ७२ सेंटिमीटर असेल तर ८ कळ्या, प्रत्येकी वर ९ आणि खाली ४० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर शिलाईसाठी सोडलं की कापायचं माप १२ आणि ४३. एक कळी सुलटी, पुढची उलटी अशी मांडली तर ११० सेंटिमीटर पन्ह्यात दोनऐवजी तीन बसतात. कळीची मधली रेघ मात्र उभ्या धाग्यावरच, म्हणजे कापडाच्या लांबीच्या दिशेनेच हवी. ही उलटसुलट मांडणी मखमलीला अजिबात चालत नाही. मखमलीची लव एका दिशेला झुकलेली असते, त्यामुळे उलटी लावलेली कळी दिव्याखाली वेगळ्याच रंगाची दिसते. सॅटिनमध्येही हा फरक जाणवतो, आणि त्यात सुईची भोकं कायमची राहतात. म्हणून उसवलेली जुनी शिवण नव्या शिवणीच्या आत दडेल असं कापावं.

वरच्या भागासाठी अस्तर आणि चेन असलेला जुना, अंगाबरोबर बसणारा ड्रेस घ्यावा आणि तो कमरेच्या खाली दीड सेंटिमीटरवर कापावा. टक्स, म्हणजे कपडा अंगाबरोबर बसावा म्हणून शिवलेल्या चिमट्या, आयते मिळतात. निम्मं काम तिथेच संपतं. पण पडद्याचा घेर जड असतो. तो नुसता वरच्या भागाला जोडला, तर खांदे ओढले जातात आणि कमरेची शिवण उसवते. हे टाळायला आतून अडीच सेंटिमीटर रुंदीची, न ताणणारी पट्टी कमरेभोवती फिरवावी, ती फक्त बाजूच्या शिवणींना आणि टक्सना टाचावी, मागे हूक लावावा. गाऊन घालताना आधी हा हूक, मग चेन. घेराचं वजन मग कमरेवर येतं. ही पट्टी बाहेरून दिसत नाही म्हणून बहुतेक जण ती गाळतात, आणि तिच्याशिवाय बाकीची मेहनत वाया जाते.

जाड पडद्याला मशीनची १६ नंबरची सुई लागते, सॅटिनला ११. कळ्यांच्या तिरक्या कडा लोंबतात, म्हणून शिवलेला गाऊन रात्रभर टांगून ठेवावा आणि मगच खालची घडी मारावी. मापही अंगात घालून, पायांत त्या दिवशीच्या चपला घालूनच घ्यावं. जमिनीपासून ३ सेंटिमीटर अंतर राहिलं तर पायऱ्यांवर पाय अडकत नाही. पॉलिस्टर आणि नेट पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. असा गाऊन घातलेल्या मुलाच्या हातात किंवा जवळपास पेटती मेणबत्ती देऊ नये, बॅटरीचा दिवा द्यावा.

आपल्या पुरवणीत अशा कृती छापताना तयार गाऊनच्या फोटोशेजारी कळीचं माप आणि आतल्या बाजूचा एक फोटोही द्यावा, ही विनंती.

– वेशभूषेचं काम करणारा एक वाचक