बाबा, पासपोर्ट शोधून ठेवा

सेंतोब, नुराता डोंगर, उझबेकिस्तान
ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. या दरीत फोनला धड रेंज नाही. आणि रेंज आली तरी आई ‘जेवलीस का’ विचारते, बाबा ‘थंडी किती’ विचारतात, दोन्हींची उत्तरं होईपर्यंत फोन कट होतो. मला जे सांगायचंय ते त्यात बसणारं नाही. मला तुम्हा दोघांना इथे आणायचंय, येत्या मार्चमध्ये. दादालाही हे पत्र द्या. ‘या वयात त्यांना कुठे नेतेस’ असं तो म्हणणारच आहे, त्याचं त्याला वाचून घेऊ दे.

गणपतीत बाबा म्हणाले होते, आता आमचं फिरणं संपलं. तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते वाक्य डोक्यात घेऊनच इकडे आले.

उझबेकिस्तान म्हटलं की समरकंद-बुखाऱ्याचे निळे घुमट डोळ्यांपुढे येतात. ते मी पाहिले, सुंदरच आहेत. पण तिथे तुम्हाला न्यायचं तर कुठलीही टूर कंपनी नेईल, टोपी घालून आणि झेंड्यामागून चालवत. सेंतोब वेगळं आहे. उत्तरेला किझिलकुमचं वाळवंट, दक्षिणेला कोरडी मैदानं आणि मधे ही नुराताची रांग. सर्वात उंच माथा 2169 मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा पाचशे मीटरने जास्त. गाव बरंच खाली आहे, तेव्हा दम लागण्याची काळजी नको. लांबून बघितलं तर डोंगर नुसता तपकिरी, झाड दिसत नाही. घळीत शिरलं की एकदम ओढा लागतो, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांनी अक्रोड, तुती, जर्दाळू, सफरचंद. घरं त्या हिरव्या पट्ट्यालाच धरून मैलभर लांब पसरलेली. दगडाच्या भिंती, मातीचा गिलावा, वर पॉप्लरचे वासे. पाटाचं पाणी प्रत्येकाच्या परसातून जातं आणि कोणाची पाळी कधी हे ठरलेलं असतं. भांडणंही होतात म्हणे. तेवढं ऐकून मला फार बरं वाटलं.

सध्या अक्रोड उतरवायचे दिवस आहेत. पुरुष झाडावर चढून लांब काठ्यांनी झोडपतात, खाली बायका आणि पोरं वेचतात. हिरवी साल सोलताना हात काळे होतात आणि ते साबणाने निघत नाहीत. आई, माझी बोटं सध्या बघण्यासारखी आहेत. सोललेले अक्रोड धाब्यावर वाळत घालतात. गावात तरणे पुरुष कमीच दिसतात, बरेचसे रशियात कामाला. झाडावर चढणारे एकतर पोरसवदा नाहीतर साठीचे, आणि साठीचेच जास्त सराईत.

मी ज्यांच्या घरी उतरले आहे त्या बाईंना सगळे ओपा म्हणतात, म्हणजे ताई. वय आईएवढं असेल. गावात बहुतेकजण ताजिक बोलतात. मला त्यातलं फारसं येत नाही, ओपांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे मधे त्यांची नात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या एका प्रकल्पातून या भागातल्या घरांत पाहुणे ठेवायला सुरुवात झाली, तेव्हापासून दोन खोल्या पाहुण्यांसाठी. हॉटेल नाहीच. त्यांच्याच चुलीवरचं जेवण, त्यांचीच गोधडी.

आता बाबा, हे तुमच्यासाठी.

गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याने चढत गेलं की ओस पडलेली घरं लागतात. छपरं गेलेली, भिंती उभ्या, आणि परसातली झाडं अजून फळ धरतात. शेजारचे एक आजोबा मला तिथे घेऊन गेले. सोव्हिएत काळात त्यांच्या आईवडिलांना आणि वरच्या वस्तीतल्या इतरांना खाली मैदानात कापूस पिकवायला नेलं होतं. काही वर्षांनी काहीजण परत आले, पण वर नाही, खालच्या गावात. एक भिंत दाखवून ते म्हणाले, हे आमचं. मी त्यांना कोयनेचं सांगितलं. म्हटलं, माझ्या बाबांचंही गाव असंच उठवलं, ते दहा-बारा वर्षांचे असताना, धरणासाठी. आजोबांनी विचारलं, मग ते बघायला जातात का? म्हटलं, गाव पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की बामणोलीकडे जाऊन काठावर उभे राहतात, घरी येऊन काही बोलत नाहीत. मग ते एकामागून एक विचारू लागले. काय पिकायचं तिथे? झाडं कसली होती? पाणी विहिरीचं की ओढ्याचं? भात आणि नाचणी, एवढंच मला सांगता आलं. बाकीचं तुम्ही कधी सांगितलंच नाही. नात भाषांतर करून कंटाळली, पण आजोबांचे प्रश्न संपेनात. शेवटी म्हणाले, बापाला घेऊन ये, त्यालाच विचारतो.

बाबा, मी निमंत्रण पोचवतेय. तुम्ही आम्हाला न सांगितलेलं त्यांना सांगणार असाल तरी चालेल. मी शेजारी बसून ऐकीन.

आणखी एक गोष्ट तुम्ही बघायलाच हवी. वरच्या खिंडीतून उत्तरेला पाहिलं की वाळवंटाच्या कडेला निळ्या पाण्याची लांबच लांब पट्टी दिसते. तो आयदारकूल तलाव. तो पूर्वी नव्हता. 1969 साली सिर दर्या नदीला मोठा पूर आला. चारदारा धरणाला तो पेलेना, आणि खाली सोडलं तर गावं बुडणार, म्हणून पाणी बाजूच्या अर्नसायच्या खोलगट भागात वळवलं. वर्षभरात 21 घन किलोमीटर पाणी तिकडे गेलं. तुमच्या हिशेबात सांगायचं तर कोयना 105 टीएमसी. अशा सात कोयना तुडुंब भरल्या असत्या. त्यातून वाळवंटात हा तलाव झाला, आणि आता त्यात मासेमारी चालते, पाणपक्षी उतरतात. त्याच नदीचं पाणी कापसाला वळवल्यामुळे तिकडे अरल समुद्र आटत गेला. आयुष्यभर पाटबंधाऱ्यावर वाद घालणाऱ्या माणसाने हे कागदावर वाचण्यापेक्षा खिंडीत उभं राहून बघावं. खिंडीपर्यंत चालायची गरज नाही, गाढव मिळतं. हसू नका. इथे ऐंशी वर्षांच्या आज्या गाढवावर बसून वाण्याकडे जातात.

आई, आता खाण्याचं. मांस न खाणारी बाई म्हटल्यावर ओपांचा चेहरा पडला, पण पाच मिनिटांत सावरल्या. सकाळी तंदूरमधला गरम नान, घरची साय, जर्दाळूचा मुरंबा, अक्रोड, दही. दुपारी टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि बटाटे. भोपळ्याचे सामसे, म्हणजे तंदूरमध्ये भाजलेले समोसेच, तर तू चार खाशील. माझ्यासाठी मांसाशिवायचा पुलाव करायला लावला तेव्हा घरात हशा पिकला. पिवळी गाजरं, लसणाचा अख्खा गड्डा, आणि डोंगरातलं बारीक काळसर जिरं, त्याचा वास तुला लांबूनच कळेल. सरकीचं तेल वापरलं तर मात्र तुला जड जाईल, तेव्हा आधी सांगून ठेवायचं. नान सुरीने कापत नाहीत, हाताने मोडतात, आणि पालथा ठेवत नाहीत. जेवण झालं की तळहात वर करून चेहऱ्यावरून फिरवतात, तोवर कोणी उठत नाही.

चहा हिरवा आणि बिनदुधाचा. ओतायचा तो तीनदा परत किटलीत, मग वाटीत, आणि वाटी अर्धीच. पुन्हा पुन्हा भरून देता यावी म्हणून. सोबत खडीसाखर असते, ती बाबांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची जबाबदारी तुझी. तुझी चहापूड आणि दुधाची पावडर आणलीस तर मी काही म्हणणार नाही. ओपांना आपला चहा प्यायला मी देऊन पाहिलाय. एक घोट घेतला आणि नातीला दिला.

मार्च का, तर 21 मार्चला नवरूझ, त्यांचं नवं वर्ष. तेव्हा सुमलक करतात. गव्हाला मोड आणायचे, वाटून रस काढायचा आणि मोठ्या काहिलीत रात्रभर ढवळत बसायचं; खाली लागू नये म्हणून तळाशी धुतलेले गोटे टाकतात. साखर अजिबात नाही, मोडांचाच गोडवा. ओपा सांगत होत्या तेव्हा मला तू कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवतेस ती सकाळ आठवत होती. गल्लीतल्या सगळ्या बायका आळीपाळीने ढवळतात, गातात, भांडतात. तुला इथे भाषेची अडचण येईल असं मला वाटत नाही. बाबांना येईल, त्यांना वाक्य पूर्ण करायचं असतं.

दादासाठी अडचणी. शौचालय अंगणाच्या टोकाला, आपल्या जुन्या वाड्यासारखं बसायचं, ते बाबांच्या गुडघ्यांना जमणार नाही. म्हणून मी गावातलं दुसरं घर बघून आले, तिथे खोलीला लागून कमोड आहे, गरम पाणीही येतं. ओपा जरा रुसल्या, पण जेवायला त्यांच्याकडेच यायचं ठरलंय. बसायचं तपचानवर. ओढ्यावर टाकलेली मोठी लाकडी बाज म्हणजे तपचान, तिला तीन बाजूंनी कठडा असतो. मांडी घालता आली नाही तर कडेला पाय सोडून बसता येतं. मार्चमध्ये रात्री थंडी असेल, थर्मल मी घेऊन ठेवते. डॉक्टर जवळ नाही, हे खरं आहे. बी.पी.च्या आणि साखरेच्या गोळ्या दुप्पट आणायच्या, चिठ्ठीसह, आणि निघण्याआधी दोघांची तपासणी. त्यात डॉक्टर नाही म्हणाले तर विषय संपला, मी हट्ट करणार नाही.

प्रवास वाटतो तेवढा नाही. दिल्लीहून ताश्कंद तीन तासांच्या आसपास, कराडहून पुण्याला ट्रॅफिकमध्ये याल तेवढाच. ताश्कंदला एक दिवस थांबू. तिथे शास्त्रीजींचा पुतळा आहे, रस्त्याला त्यांचं नाव आहे. 1965 साली त्यांच्या शब्दाखातर आजी सोमवारी रात्री चूल पेटवायची नाही, हे बाबा दर वेळी सांगतात. तिथे उभं राहून एकदा सांगा. मग अफ्रोसियोब या वेगवान रेल्वेने दोन-सव्वादोन तासांत समरकंद, तिथून गाडीने चार तास धरा. गाड्या बहुतेक गॅसवर चालतात. पंपावर भरताना सगळ्या प्रवाशांना उतरवून गेटबाहेर उभं करतात, तिथे पाय मोकळे होतात आणि पंधरा मिनिटांत सगळी गाडी एकमेकांची चौकशी करून मोकळी होते. भारताचं नाव काढलं की राज कपूर आणि मिथुन ठरलेले. ड्रायव्हरने गायला सुरुवात केली तर आईने साथ द्यायची आहे, मी आधीच कबूल करून बसलेय.

खर्च माझा. त्यावर चर्चा नको.

कामं तेवढी सांगते. बाबा, तुमच्या पासपोर्टची मुदत बघा. प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक हवी, नसेल तर लगेच नूतनीकरणाला टाकू, मी आले की सोबत येईन. तो कपाटातल्या पिवळ्या फाईलमध्ये असावा, नाहीतर एलआयसीच्या कागदांत. व्हिसा ऑनलाइन होतो, त्यासाठी पांढऱ्या पार्श्वभूमीवर फोटो काढून घ्या, दोघांनीही, आणि आई, चष्मा काढून. उतारवयाच्या प्रवाशांचा विमा मी बघतेय. आजोबांसाठी काहीतरी आणा, पण महागाचं नको. शिवसागरच्या, आपल्या कोयनेच्या जलाशयाच्या, काठावर काढलेला तुमचा एखादा फोटो असेल तर तो.

मी पुढच्या आठवड्यात ताश्कंदहून फोन करीन. तोवर दादाशी भांडून घ्या.

तुमची,
रेवा