आई-बाबा, जानेवारीपासून मी धनुष्यंच बनवणार

ऐरोली,
कोजागिरी पौर्णिमा

ती. बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे फोनवर बोलता आलं नसतं. बाबा "बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, आई जेवलीस का विचारते, आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहायला बसले. दोघं पडवीत बसून वाचा. वाचायचं आईने, बाबांनी नुसतं ऐकायचं. डोळ्यांना ताण नको.

मी राजीनामा दिला आहे. नोटीस पिरियड 31 डिसेंबरला संपतो आणि जानेवारीपासून मी रबाळ्याच्या गाळ्यात पूर्ण वेळ धनुष्यं बनवणार आहे. आधी विचारलं का नाही, असं बाबांच्या मनात येणार. विचारलं असतं तर माझ्या काळजीने तुम्ही नाही म्हणाला असता, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर ते ओलांडून पुढे जाणं मला या जन्मात जमलं नसतं. तुम्हाला वगळायचं म्हणून नाही हो, तुम्ही आड आलात असं मला कधी वाटू नये म्हणून.

कर्ज एका रुपयाचंही नाही. दादाच्या टेम्पोचं जे झालं ते मी विसरलेले नाही, आणि तुम्ही त्या वर्षी काय काय विकलंत तेही नाही. वर्षभराचं घरभाडं आणि खर्च वेगळ्या खात्यात ठेवला आहे, पीएफला हात लावलेला नाही. गाळा अख्खा घेतलेला नाही, अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात फर्निचरचं काम करणारे मिस्त्री आहेत, तुमच्याच वयाचे. रंधा आणि कटर त्यांचे, मला वापरू देतात. आई, शेजारच्या गाळ्यात पॅकिंगला बायका असतात, संडास-बाथरूम स्वच्छ आहे, सातला शटर खाली. ऐरोली ते रबाळे ट्रेनने एकच स्टेशन. डबा त्याच मावशींचा चालू आहे, भाकरी आता रोज असते. लाकडाच्या भुश्यासाठी मास्क आणि चष्मा लावते, वर मोठा एक्झॉस्ट बसवून घेतला आहे. शिसवीचा भुसा छातीला वाईट, त्यामुळे यात मी हयगय करत नाही.

आता बाबांचा प्रश्न: धनुष्य घेणार कोण?

2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे तिरंदाजीत जगज्जेते झाले, तेव्हा तुम्हीच पेपरातलं कात्रण काढून ठेवलं होतं. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला, तेही तुम्हीच मला सांगितलंत. अदिती-ओजसची कंपाउंड धनुष्यं कारखान्यातली, चाकांची. मी तसली बनवत नाही. पण त्यांची नावं ऐकून मैदानावर येणारी दहा-बारा वर्षांची पोरं आहेत ना, त्यांच्यासाठी काय आहे? परदेशी साज घ्यायचा तर सगळा मिळून लाखांच्या घरात जातो. आणि मूल वाढतं. यंदा 20 पौंड जोराचं धनुष्य ओढणारा मुलगा पुढच्या वर्षी 26 मागतो, त्यानंतर 30. अखंड धनुष्य असेल तर दरवेळी नवं घ्या. माझं धनुष्य तीन तुकड्यांत सुटतं: मधली मूठ, म्हणजे रायझर, आणि वरचं-खालचं पातं. मूठ तीच राहते, फक्त पाती बदलायची. आई-वडिलांचा खर्च निम्म्याहून कमी होतो. शिवाय तिन्ही तुकडे पाठीवरच्या सॅकेत मावतात. 62 इंचांचं अख्खं धनुष्य घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढून दाखवा बरं.

हे खूळ परदेशातलं आहे असंही समजू नका. शिंग, तात आणि सरस यांची जुनी धनुष्यं आपल्या पावसाळी हवेत सैल पडायची, म्हणून हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं घडवली गेली, आणि त्यातली काही तर मुठीपाशी आटे पाडून दोन भागांत सुटणारी होती. मला हे कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

बाबा, माजघराच्या शिसवी खांबाचा जो तुकडा मे महिन्यात तुम्ही मांगरातून काढून दिलात, त्याची पहिली मूठ झाली आहे. सगळा कापलेला नाही. देव्हाऱ्यापुरता बाजूला ठेवला आहे, वर तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. करवत लावली तेव्हा आतून जांभळट काळा निघाला, एवढ्या वर्षांनीही वास होता. शिसवी तेलकट असते, सरळ डिंक धरत नाही; ॲसिटोनने पुसून लगेच इपॉक्सी लावावं लागतं. मूठ 19 इंचांची. तिच्या दोन्ही टोकांना पातं बसायला उतार काढायचा, 15 अंशांच्या आसपास. खरं काम तिथेच आहे. पातं बसण्याची जागा एका अंशाने आडवी फिरली तरी 20 इंचांवर पात्याचं टोक जवळजवळ तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकतं, आणि मग दोरी मुठीच्या मधून जात नाही. म्हणून मी आणि मिस्त्री गुण्या लावून, दिव्यासमोर धरून, उजेडाची फट दिसेनाशी होईपर्यंत घासतो. मग पितळी बुश बसवून बोल्ट, आणि पातं हलू नये म्हणून शेजारी एक पिन.

पात्यांचा गाभा आपल्या बांधावरच्या माणगा बांबूचा. भरीव असल्यामुळे पट्ट्या छान जाड निघतात. सालीकडचे धागे सगळ्यात दाट, तो भाग मी वाया जाऊ देत नाही. पट्ट्या टोकाकडे पातळ करत न्यायच्या, पुढे-मागे फायबरग्लासचा थर द्यायचा, सगळं प्लायच्या साच्यावर शिकंज्यांनी आवळायचं आणि बल्ब लावलेल्या पेटीत 60-70 अंशांवर शेकायचं. पावसाळ्यात खाडीची हवा एवढी ओली असते की पट्ट्या आधी त्याच पेटीत सुकवल्याशिवाय मी डिंकाचा डबा उघडतच नाही.

आणि मग तोलाचं काम. धनुष्य भिंतीवरच्या फळीला अडकवायचं, दोरी थोडी थोडी खाली ओढायची आणि लांब उभं राहून दोन्ही पाती कशी वाकतात ते बघायचं. खालचं पातं वरच्यापेक्षा थोडं ताठ हवं, म्हणजे दोरीपासूनचं त्याचं अंतर सूत-दोन सूत कमी, कारण हात आणि बाण बरोबर मध्यावर नसतात. जाडी दहा टक्के कमी झाली तर ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी जातो, म्हणून तिथे रंधा नाही, पॉलिश पेपरच, तोही चार हात मारायचे की पुन्हा फळीवर. पहिलं धनुष्य 28 इंच ओढल्यावर 40 पौंड भरलं, म्हणजे साधारण 18 किलो. बेअरबो, म्हणजे नेम धरायच्या साधनाशिवाय मारायच्या प्रकारात दोरी काढलेलं धनुष्य 12.2 सेंटिमीटरच्या कड्यातून पार व्हावं लागतं. तसं कडं करून गाळ्यात टांगलं आहे. माझं पार झालं. दसऱ्याला पटाशी, कानस आणि ते धनुष्य पाटावर मांडून पूजा केली. आईने पाठवलेलं हळदकुंकूच वापरलं.

बाबा, दशावतार बघून आल्यावर मी धनुष्याचा हट्ट धरला होता तेव्हा तुम्ही शाळेतून येऊन, सदरा न काढता, कोयतीने कामठी तासायला बसला होतात, आठवतं? तुमच्या मांडीवर भुसा पडत होता आणि मी तो वेचत होते. माझ्या तळहाताला कूस टोचू नये म्हणून तुम्ही ती कामठी स्वतःच्या गालावरून फिरवून बघितलीत. अजून मी मूठ घासून झाली की गालावरून फिरवते. मिस्त्री हसतात, हसू देत. आणि आई, तू त्या कामठ्याला तुझ्या जुन्या लुगड्याची किनार गुंडाळून दिली होतीस. हिरवी.

आता मुद्द्याचं, आणि यात कुणी वाद घालायचा नाही. डिसेंबरअखेर तुम्ही दोघं ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आहात. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या आत झालंच पाहिजे. "पिकू दे अजून" हे आता ऐकणार नाही. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही, ते तुमचं तुम्हीच ठरवलं आहे. दिवाळीला मी येतेय, भाऊबीज झाली की तिघं कोकणकन्येने निघू. तिकिटं काढली आहेत, तुम्हा दोघांना खालचे बर्थ. ठाण्याला उतरू, तिथून रिक्षा. इथे माझी खोली तुम्हाला, मी हॉलमध्ये. संडासात धरायला दांडा बसवून घेतला आहे, पाणी चोवीस तास असतं, समोर बाग आहे, संध्याकाळी बाबांना गप्पांना मालवणी मंडळी मिळतील.

नोकरीनंतर विमा बंद पडणार नाही. त्याच कंपनीच्या घरगुती पॉलिसीत बदलून घ्यायचा अर्ज मुदतीत भरते आहे, म्हणजे आईच्या शुगरसाठी प्रतीक्षेचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जात नाही. हप्ता मी भरणार. दर महिन्याला जेवढे पैसे येतात तेवढेच, त्याच तारखेला येतील. ते कमी करायची वेळ आली तर आधी माझं बाकी सगळं कमी होईल.

आई, अनवाणी अंगणात जायचं नाही. तळपाय रोज रात्री बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर वहिनीला दाखवायचे. कोजागिरीचं दूध आज पिऊन झालं असेलच, उद्या गोड बंद. बाबा, सुपारीच्या झाडाखाली उभं राहून पाडेल्याला सूचना देणं पुरे, ओटीवरून द्या.

एक काम मात्र बाबांनीच करायचं आहे, दुसऱ्या कुणाला जमणार नाही. माणग्याच्या बेटात तीन-चार वर्षांच्या काठ्यांवर चुन्याने खूण करून ठेवा. कोवळ्या नकोत. तोड थंडीतच करायची, तेव्हा काठीत पिठूळपणा कमी असतो आणि किडा कमी लागतो. तोडणाऱ्याला पेर बघून कापायला सांगा आणि काठ्या मांगरात आडव्या, जमिनीपासून वर ठेवा. यापुढे बांबू लागेल तो मी तुमच्याकडून विकतच घेणार. रागावू नका, वहीत लिहायला लागेल.

दिवाळीला धनुष्य घेऊन येतेय. दादाच्या छोटूला आत्ताच सांगून ठेवा: बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जायचा जोर मग पात्यांत जातो आणि ती तडकतात. चुलीजवळ नाही ठेवायचं, कोपऱ्यात उभं टेकवायचं नाही, दोन खुंट्यांवर आडवं टांगायचं. खुंट्या बाबा ठोकतील, पण स्टुलावर चढून नाही.

तुम्ही गाळ्यात या. बाबांनी खुर्चीवर बसून बघायचं आणि मिस्त्रींच्या चुका काढायच्या, त्यांना सांगून ठेवलं आहे. आवडलं नाही तर तसं सांगा, मी ऐकेन. बोलणं मात्र बंद करू नका, बाबा. तेवढं एक मला सहन होत नाही.

तुमची,
बाय

ता. क. येताना दोघांची आधार कार्डं, बाबांच्या डोळ्यांचे जुने कागद आणि आईची गोळ्यांची पिशवी आत्ताच एका पिशवीत भरून दाराच्या खुंटीला लावा. तांदूळ, कोकम, नारळ काही आणायचं नाही. फणसपोळी आणली तर चालेल.