टाळ्या पुसू नका म्हणालात, त्याबद्दल: ठाण्यातल्या टेपवाल्या काकांना पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. लाइव्ह कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेटा दुरुस्त करताना श्रोत्यांच्या टाळ्या पुसू नका, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत, त्याबद्दल हे पत्र.

जे बँड प्रत्यक्ष ऐकायचे राहून गेले त्यांची यादी केली तर वही पुरणार नाही. बीटल्सचा तिकीट लावून झालेला शेवटचा कार्यक्रम 29 ऑगस्ट 1966 चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमधला. सप्टेंबर 1980 मध्ये ड्रमवादक जॉन बॉनम गेला आणि त्याच वर्षी त्याचा बँड लेड झेपलिन संपला. त्यांतले जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट 1972 मध्ये मुंबईत आले होते, कुलाब्याच्या स्लिप डिस्क या नाइटक्लबमध्ये वाजवूनही गेले. ‘द पोलीस’ मार्च 1980 मध्ये धोबीतलावच्या रंगभवनात वाजले, म्हणजे ठाण्याहून एका जलद लोकलच्या अंतरावर. त्या परिसराला शांतता क्षेत्राचा नियम लागला आणि रंगभवनातले असे कार्यक्रमही थांबले. त्याही आधी, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बल्सारा नावाचा मुलगा ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. पुढे तो ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला.

आजच्या मुलांचं बरं आहे. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 15 डिसेंबर 2019 ला यू टू वाजले, जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेच्या तीन रात्री झाल्या. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसलं की झालं. पण जे बँड मोडले, ज्यांचे वादक गेले, त्यांच्यापर्यंत जायला टेप हा एकच रस्ता उरतो. ठाण्यात तो रस्ता तुम्ही चालू ठेवलात. लाइव्ह कार्यक्रमांच्या कॅसेटा बिघडल्या की टाकून द्यायच्या नसतात, हे तुम्ही हाताने करून दाखवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार. आणि आभार नुसते शब्दांत राहू नयेत म्हणून तुम्ही दिलेली विद्या इथे मांडतो आहोत. ज्यांच्या माळ्यावर अशा कॅसेटा पडून आहेत त्यांना ती उपयोगी पडेल.

पहिलं ऋण बुरशीचं. खाडीकाठच्या हवेत चार पावसाळे काढले की टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसायला लागते. अशी कॅसेट कुतूहलापोटी लगेच डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालणं हीच सगळ्यात मोठी चूक. बुरशी हेडवर, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, आणि टेप ओढणाऱ्या रबरी चाकावर बसते, आणि नंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. तुमची रीत अशी: आधी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत चार-पाच दिवस ठेवून ती कोरडी करायची. तांदूळ घालायचे नाहीत, त्यांची पिठी आत जाते. मग फक्त या कामासाठी बाजूला काढलेल्या जुन्या डेकवर टेप सावकाश गुंडाळत न्यायची आणि दोन्ही बाजूंना मऊ कोरडं कापड हलकेच टेकवून ठेवायचं. हे काम गॅलरीत, तोंडाला मास्क लावून करायचं. कापडाची जागा सतत बदलायची, नाहीतर पुसलेलं परत टेपलाच लागतं. नारिंगी सिलिका जेल हिरवं पडलं की ते ओल धरून बसलेलं असतं. साधारण 110 ते 120 अंशांवर तापवलं की पुन्हा कामाला येतं, मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नाही.

दुसरं, कॅसेटची पेटी. आतल्या पितळी रंगाच्या पातळ स्प्रिंगवर नखाएवढा नमद्याचा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकला की तो गळून पडतो. मग आवाज एकदम दबल्यासारखा येतो, मधेच उजळतो, पुन्हा बुडतो. लोक म्हणतात टेप गेली. टेप ठणठणीत असते, फक्त ती गादी हवी असते. पाच स्क्रूंची चांगली रिकामी पेटी घ्यायची, दोन्ही पेट्या टेबलावर आडव्या उघडायच्या आणि टेप गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या एकदम, न उचलता, सरकवत नव्या पेटीत न्यायच्या. खालचे वरचे सरकते कागद विसरले की टेप घासते आणि कर्रकर्र वाजते. तुटलेली टेप जोडायला कॅसेटच्या रुंदीचीच, 3.81 मिलिमीटरची जोडपट्टी लागते, आणि ती हेडला लागणाऱ्या बाजूला नाही, पाठीमागच्या बाजूला लावायची. साधी चिकटपट्टी लावली तर उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो आणि टेपचे पुढचे दोन वेढे एकमेकांना चिकटतात.

डेकची साफसफाई लोकांना माहीत असते, पण अर्धीच. हेड आणि कॅपस्टन (रबरी चाकाला टेकून टेप पुढे नेणारी बारीक लोखंडी दांडी) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. रबरी चाकाला अल्कोहोल वारंवार लावू नये, रबर कडक होतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरे. मोटरची गती पुढे नेणारा रबरी बेल्ट वितळून डांबर झाला असेल तर सगळं काळं निघेपर्यंत नवा घालायचा नाही. नव्या बेल्टचं माप काढायला दोरा फिरवायचा आणि जी लांबी येईल त्याहून सुमारे 5 टक्के कमी घ्यायची. दोरा 210 मिलिमीटर भरला तर 200 चा बेल्ट. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाताना हा दोराच खिशात न्यावा, डेकच्या मॉडेलचं नाव सांगून काम होतंच असं नाही. सैल बेल्ट घसरतो आणि सूर डुलतो. फार घट्ट बसला तर मोटरवर ओझं येतं आणि वेग पडतो.

आता अझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन. काका, याबद्दल आभार मानावेत तेवढे थोडे. हेडमधली बारीक फट टेपच्या दिशेला बरोबर काटकोनात हवी. रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचं हेड जरासं तिरकं असेल तर वाजवणारंही तेवढंच तिरकं करावं लागतं, नाहीतर वरच्या पट्टीतले आवाज गायब होतात. झांजा बोथट होतात, एस आणि श ऐकू येईनासे होतात. हेडच्या बाजूला, बहुतेक डेकमध्ये डावीकडे, स्प्रिंग घातलेला एक छोटा स्क्रू असतो. मूळ जागेवर आधी नेलपॉलिशची खूण करायची. डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारं डेकमधलं बटण) बंद ठेवायचं, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकायचं, आणि स्क्रू एका वेळी आठवा हिस्साच फिरवायचा.

आणि ऐकायचं काय? गाणं नाही. टाळ्या. तुम्ही हे सांगितलंत तेव्हाच लाइव्ह टेपकडे बघायची नजर बदलली. गिटारचा आवाज ठरावीक पट्टीत असतो, पण हजार माणसांच्या टाळ्यांमध्ये खालपासून वरपर्यंत सगळे स्वर एकदम असतात आणि प्रत्येक टाळी टोकदार असते. हेड तिरकं असेल तर टाळ्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारख्या एकसलग येतात. स्क्रू बरोबर जागी आला की त्या सुट्या होतात, जवळची टाळी वेगळी, लांबची वेगळी, कोणीतरी शिट्टी मारतं ती वेगळी. त्याच क्षणी थांबायचं. मूळ कार्यक्रमाच्या टेपमध्ये कसोटीचा सूर कोणी भरून ठेवलेला नसतो, तो श्रोत्यांनी भरून ठेवलेला असतो. डॉल्बीचा निर्णय याच्यानंतर. हेड तिरकं असताना डॉल्बी चालू केलं तर आधीच हरवलेले उंच स्वर ते आणखी खाली दाबतं, आणि मग दोष डॉल्बीला मिळतो.

वेगाचं प्रकरण याहून नाजूक आहे. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटिमीटरने चालायला हवी. 3000 किंवा 3150 हर्ट्झची कसोटीची कॅसेट लावून मोटरच्या भोकातला छोटा स्क्रू फिरवला की डेक सरळ होतो. पण रेकॉर्ड करणारं यंत्र सरळ होतं का? वेग 6 टक्के चुकला की सूर अख्खा अर्ध्या स्वराने सरकतो, आणि गायक उगाच तरुण किंवा म्हातारा वाटायला लागतो. गर्दीत बसून बॅटरीच्या रेकॉर्डरवर केलेल्या टेपांत आणखी एक खोड असते: बॅटरी उतरत जाते तसा टेपचा वेग मंदावतो, म्हणून नीट वेगाने वाजवताना शेवटच्या गाण्यांना सूर चढलेला निघतो. अशा वेळी संपूर्ण बाजूला एकच दुरुस्ती लावून चालत नाही, गाण्यागणिक मोजावं लागतं.

मोजायचं कशाने, तर विजेच्या गुणगुणण्याने. मंचावरच्या ॲम्प्लिफायरमधून येणारा हम्म असा खर्जातला आवाज लोकांना कचरा वाटतो. ती घड्याळाची टिकटिक आहे. ब्रिटनमध्ये वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेत 60 ची. जपानमध्ये दोन्ही: टोकियोकडे 50, ओसाकाकडे 60. डीप पर्पलची ‘मेड इन जपान’ ही ध्वनिमुद्रिका ऑगस्ट 1972 मध्ये 15 आणि 16 तारखेला ओसाकात आणि 17 ला टोकियोच्या बुडोकानमध्ये मुद्रित झाली, म्हणजे एकाच दौऱ्यात दोन वेगळ्या विजा. जुना हॅमंड ऑर्गन तर आतली चाकं विजेच्या कंपनसंख्येवरच फिरवतो. 60 साठी बनवलेला थेट 50 वर चालवला तर तो तीन अर्ध्या स्वरांहूनही जास्त खाली उतरेल. म्हणून गिटारपेक्षा ऑर्गन आणि वीज यांची साक्ष अधिक भरवशाची. गिटारवाले आपापसात जुळवून घेतात, त्यांचा सा नेमका असेलच असं नाही.

संगणकावर दोन गाण्यांमधला शांत तुकडा निवडून त्यातल्या कंपनसंख्यांचा आलेख काढायचा. सेकंदाला 48000 नमुने असताना एका वेळी 65536 नमुन्यांचा तुकडा घेतला तर साधारण पाऊण हर्ट्झची बारकाई मिळते. थेट 50 कडे बघण्यापेक्षा त्याची तिप्पट, 150 जवळचं शिखर बघावं. टेप 2 टक्के जलद असेल तर ते 153 वर दिसतं, डोळ्याला सहज कळतं. इथे फसगत एकच: आपल्याकडची वीजही 50 ची, त्यामुळे वाजवणाऱ्या डेकची स्वतःची गुणगुण त्याच जागी मिसळते. टेप थांबवून फक्त डेकचा आवाज आधी नोंदवून ठेवायचा. जे शिखर न हलता नेमकं 150 वर राहतं ते घरचं, जे सरकलेलं आहे ते सभागृहातलं.

संगणकात घेताना 24 बिट, आवाजाचं सर्वांत उंच टोक उणे 6 डेसिबलच्या आत, आणि पहिली प्रत कसलीही सफाई न करता जशीच्या तशी ठेवायची. टेप संपून पुढची कोरी पट्टी येईपर्यंत थांबायचं, गाणं तुटलं म्हणून बंद करायचं नाही. कँडलस्टिक पार्कचा तो कार्यक्रम बीटल्सचे प्रसिद्धी अधिकारी टोनी बॅरो यांनी साध्या कॅसेटवर टिपला. एक बाजू 30 मिनिटांची, कॅसेट उलटली गेली नाही, आणि शेवटचं गाणं मधेच तुटलं. ते तुटणंही त्या संध्याकाळचाच भाग आहे. द हू या बँडची ‘लाइव्ह ॲट लीड्स’ 14 फेब्रुवारी 1970 ची, विद्यापीठाच्या भोजनगृहातली. तिच्या पहिल्या आवृत्तीच्या लेबलवर खरखर आहे ती बरोबर आहे, दुरुस्त करू नका, अशी सूचना छापली होती. तुमच्या बाकावर हीच शिस्त असते.

सफाईच्या सॉफ्टवेअरला गर्दी आणि टेपची सरसर यांतला फरक कळत नाही. सरसर काढायला गेलं की आधी शेवटच्या रांगेतल्या टाळ्या जातात, मग झांजेची शेपटी, मग सभागृहाची पोकळी. उरतो तो स्टुडिओसारखा कोरडा आवाज, आणि स्टुडिओचा आवाज तर मूळ ध्वनिमुद्रिकेत होताच. जो बँड पाहायचा राहिला त्याच्या खोलीत शिरायचं असेल तर ती पोकळीच हवी. मंचावरचे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमधून थेट घेतलेल्या टेपा स्वच्छ असतात म्हणून लोक त्यांच्या मागे लागतात. पण लहान सभागृहात गिटारचा ॲम्प मंचावरूनच पुरेसा मोठा ऐकू येतो, म्हणून तो मिक्सरवर कमी ठेवलेला असतो. अशा टेपेत गायक नाकासमोर आणि गिटार शेजारच्या घरात. श्रोत्यांतून घेतलेली टेप धूसर असली तरी तोल बरोबर दाखवते. ग्रेटफुल डेड या बँडने तर 1984 पासून टेप करणाऱ्यांसाठी तिकिटांचा वेगळा विभाग ठेवला, त्याचं मोल अशा वेळी कळतं.

काका, तुम्ही हे सगळं पैशांच्या हिशेबाबाहेर शिकवलंत. सी-120, म्हणजे दोन तासांच्या कॅसेटच्या, नऊ मायक्रॉन जाडीच्या टेपला जलद गुंडाळू नका, ताणली गेली की परत येत नाही, हेही तुमचंच. गाणं सुरू व्हायच्या आधी त्याची पुसट सावली ऐकू आली तर ती टेपच्या वेढ्यांमधून उमटलेली आहे, भूतबित नाही, हेही.

या पावसाळ्याआधी सगळ्या कॅसेटा शेवटपर्यंत साध्या वेगाने वाजवून, न गुंडाळता, उभ्या ठेवल्या आहेत, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब. डब्यातलं जेल नारिंगी आहे. तुमच्या डेकच्या रबरी चाकाला भेग दिसते आहे. 13 मिलिमीटरचं चाक मिळालं तर पुढच्या रविवारी घेऊन येतो, तोपर्यंत त्यावर कॅसेट लावू नका.

आपले नम्र,
नौपाड्यातली कॅसेट ऐकणारी मंडळी