डबे परत करण्याआधी : काकूंना एक जाहीर पत्र

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "आधी माझे डबे आण" म्हणता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

खरं सांगतो, त्या दिवशी तुम्हाला बरोबर घेतलं ते नाइलाजानेच. पहाटे चारला ग्वाल्हेरहून निघायचं, 115 किलोमीटर धुक्यात गाडी हाकायची आणि दिवसभर शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात निसर्गाचे फोटो काढायचे, असा माझा एकट्याचा बेत होता. आईने परस्पर सांगून टाकलं, "काकूंचं माहेर शिवपुरीचं, त्यांनाही ने." मनात म्हटलं, झालं! आता मेथीचे लाडू, कानटोपी आणि "सावकाश चालव". तिन्ही झालंच.

मोहन्याला चहाला थांबलो तेव्हा तुम्ही पिशवीतून ती थैली काढलीत. काकांच्या जुन्या जीन्सचा एक पाय, दोन्ही तोंडं दुहेरी टीप मारून बंद केलेली, आत दोन-अडीच किलो रेशनचा तांदूळ. "तुझा तो ट्रायपॉड जिप्सीत कुठे उभा राहणार? यावर ठेव कॅमेरा." हे रडगाणं मी चार दिवसांपूर्वी तुमच्या ओट्यावर बसून गायलो होतो. तुम्ही तेव्हा मटार सोलत होतात. ऐकताय असं वाटलंसुद्धा नव्हतं.

गेटवर ड्रायव्हरने वाघाचा विषय काढला. मार्च 2023 मध्ये इथे पुन्हा वाघ आणून सोडले, 2025 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून जो तो ठशांच्या मागे. मीही पाघळलो. कबूल करतो, तुमची नजर चुकवून मोठी लेन्स चढवली होती. तुम्ही एवढंच म्हणालात, "वाघ कुठे पळून जात नाही. धुकं नऊला जाईल. आधी चांदपाठा."

चांदपाठा म्हणजे सख्यासागर. 1918 सालचं तळं, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांच्या मातोश्रींच्या नावाचं, 2022 पासून रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), एवढं मी वाचून आलो होतो. धुकं पाण्यावरून एकदम विरत नाही, आधी कमरेइतकं खाली बसतं, मग पलीकडच्या झाडांचे शेंडे सुटे होतात आणि जेमतेम दहा मिनिटं तसेच तरंगत राहतात, हे मात्र वडिलांच्या सायकलवर पुढे बसून तिथे गेलेल्या मुलीलाच ठाऊक असणार.

थैली जिप्सीच्या लोखंडी पाइपवर पसरली, कॅमेरा तिच्यात रुतवला. आयएसओ 100, एफ 11, शटर 1/15 सेकंद, म्हणजे इतकं सावकाश की गाडी जरा थरथरली तरी फोटो हलणार. पहिले चार फोटो हलले. मी लेन्सला दोष देत बसलो आणि तुम्ही ड्रायव्हरला म्हणालात, "भैया, इंजन बंद करो. और हिलना मत." तो कुरकुरला, पण केलं त्याने बंद. मग तुम्ही स्वतःही श्वास रोखून बसलात, गाल फुगवून, डोळे मिटून. (त्याचा फोटो काढायला हवा होता.)

फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यात काठाशी एक ओंडका येत होता. तो टाळायला मी कॅमेरा सरकवू लागलो.

"ओंडका नाही रे, मगर आहे ती. राहू दे. तळं तिचंच आहे."

राहू दिली. आज ज्याला फोटो दाखवतो तो आधी त्या मगरीवरच बोट ठेवतो. ती नसती तर नुसती राखाडी पट्टी उरली असती.

दुपार फुकट गेली. जॉर्ज कॅसलवर, उद्यानातल्या सगळ्यात उंच जागी, 484 मीटरवर चढून गेलो खरे, पण ऊन असं पांढरंफटक की खालचा देखावा धुवून निघालेला. पंचम जॉर्जसाठी बांधलेल्या त्या कोठीत तो राजा मुक्कामाला आलाच नाही म्हणतात. तुम्ही मात्र तिच्या सावलीत अर्धा तास डुलकी काढलीत.

परतताना वाळक्या, करड्या झाडांकडे मी पाहतसुद्धा नव्हतो. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. "करधई आहे. हिला पाऊसही लागत नाही, हवा नुसती दमट झाली की पालवी फुटते. माझे वडील हिच्याकडे बघून कौलं शाकारायला काढायचे." त्या काटक्यांचा फोटो मी तेव्हा घेतला तो तुमचं मन राखायला. आता तोच टेबलासमोर लावलाय, कारण शेजारची जागा हिरव्या करधईसाठी रिकामी ठेवली आहे. जूनमध्ये, पावसाळ्यासाठी उद्यान बंद व्हायच्या आत, पुन्हा जायचं. तुम्ही पुढच्या सीटवर.

डबे शनिवारी आणून देतो. थैली देणार नाही. तांदळाला कीड लागू नये म्हणून आईने एका बाजूची टीप उसवून आत कडुलिंबाचा पाला घातलाय. तेवढी टीप तुम्हालाच परत मारून द्यावी लागेल.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा