लिव्होर्नोचा एक दिवस: विजयला पत्र

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय विजय,

सप्रेम नमस्कार. आण्णांना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार आणि सईला अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जहाज सकाळी सातला इटलीतल्या लिव्होर्नो बंदराला लागणार, संध्याकाळी सातला सुटणार, आणि जहाज कंपनीने सहलींची भलीमोठी यादी पाठवली आहे: पिसा, फ्लॉरेन्स, पिसा-फ्लॉरेन्स एकत्र, लुक्का, चिंक्वे तेर्रे. शेवटी तू लिहिलंस, ‘एवढ्या लांब जातोय तर दोन्ही उरकून टाकू, एकत्रवालीच घेऊ का?’

नको घेऊस. का ते सविस्तर लिहितो, कारण आण्णांना घेऊन निघालायस आणि असा दिवस परत येणार नाही.

जाहिरातीत सहल ‘दहा तासांची’ असते. त्या दहा तासांतले आपले किती, हे आपणच मोजायचं. जहाज सातला लागलं तरी बंदराची परवानगी मिळून, गँगवे उघडून, सगळे जण बसमध्ये बसेपर्यंत आठ वाजतात. लिव्होर्नो ते फ्लॉरेन्स नव्वदेक किलोमीटर, रस्ता चांगला, पण दीड तास धरायचाच. बस गावाच्या मध्यापर्यंत जात नाही, तिला ठरलेल्या जागीच थांबावं लागतं. तिथून चालत जायचं. म्हणजे खऱ्या अर्थाने तुमचा दिवस सुरू होतो पावणेदहा-दहाला. परतीला जहाजावर चढायची शेवटची वेळ साडेसहा असेल, तर बसवाले चारलाच निघतात. हातात सहा तास राहिले. त्यातला एक जेवणाचा.

आता यात पिसा घाल. पिसा बंदरापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर, त्यामुळे कागदावर ‘वाटेतच तर आहे’ असं वाटतं. पण बसेस थांबतात व्हिया पिएत्रासांतिनाच्या वाहनतळावर. तिथून झुकत्या मनोऱ्यापर्यंत चांगलं एक किलोमीटर चालायचं, गर्दीतून फोटो काढायचे, चाळीस माणसांची मोजणी होईपर्यंत थांबायचं आणि परत चालायचं. पावणेदोन-दोन तास गेले. मी गेलो होतो तेव्हा आमच्या जहाजावरचं एक कुटुंब हीच सहल करून आलं. रात्री जेवताना त्या काकूंना विचारलं, फ्लॉरेन्सला काय पाहिलं? त्या म्हणाल्या, ‘एक मोठं चर्च बाहेरून पाहिलं, आणि चामड्याच्या दुकानात नेलं होतं.’ फार वाईट वाटलं मला. माणसं जन्माची पुंजी खर्चून जातात रे.

मनोरा बघण्यासारखा आहे, नाही असं नाही. ११७३ साली पाया घातला, तिसऱ्या मजल्यापर्यंत येतायेताच जमीन खचायला लागली; १९९० ते २००१ अकरा वर्षं बंद ठेवून तो सावरला. फक्त पिसाच बघायचं असेल तर खुशाल बघ, सोबत लुक्का जोड. लुक्काची तटबंदी सलग आहे, तिच्यावरून झाडांच्या सावलीत गावाला पूर्ण फेरी मारता येते. दमलेल्या माणसांसाठी तो दिवस फार गोड आहे. पण तुम्ही पहिल्यांदा जाताय आणि सईला चित्रकलेचं वेड आहे. तिला फ्लॉरेन्सच्या दारातून परत आणू नकोस.

चिंक्वे तेर्रेचा विचार या खेपेला सोडून दे. समुद्रकड्यावरची पाच गावं, सुंदर आहेत, पण बसने ला स्पेत्सिया, तिथून रेल्वे किंवा बोट. समुद्र खवळला की बोटी बंद. आणि कोर्निलिया नावाच्या गावाला स्टेशनवरून वर चढायलाच पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आण्णांचे गुडघे आठव.

तेव्हा फ्लॉरेन्स, आणि फक्त फ्लॉरेन्स. कसं जायचं? रेल्वे स्वस्त पडते. पण लिव्होर्नो हे मालवाहू बंदर आहे, धक्क्यावरून पायी बाहेर पडू देत नाहीत. आधी शटल बसने गावात, तिथून दुसऱ्या बसने किंवा टॅक्सीने स्टेशन, मग गाडीचे सव्वा-दीड तास, आणि त्या दिवशी रेल्वेचा संप निघाला तर सगळंच बसलं. तुम्ही दोघेच असता तर रेल्वेच सांगितली असती. आण्णा बरोबर असताना मी जहाजाचीच सहल घेईन, पण गाइडशिवायची. यादीत नीट बघ, ‘फ्लॉरेन्स ऑन युअर ओन’ अशा नावाने ती असते: फक्त बस नेणार, सोडणार, ठरल्या वेळी उचलणार. झेंड्यामागे चाळीस जणांबरोबर चालायचं नाही, दुकानात नेऊन बसवणार नाहीत.

जहाजाच्या बसला दोन पैसे जास्त का द्यायचे, तर ती रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं. स्वतःच्या गाडीने गेलात आणि उशीर झाला तर थांबत नाही. पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने गाठावं लागतं. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पुढचं बंदर कोणतं यावर किती घाबरायचं ते ठरतं. तुमचं दुसऱ्या दिवशी चिवितावेक्किया, म्हणजे रोमचं बंदर आहे. लिव्होर्नोहून किनाऱ्याकिनाऱ्याने तिथे थेट रेल्वे जाते, दोन-अडीच तासांत. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी रात्री त्या गावात झोपून सकाळी जहाज पकडता येईल. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असतं तर गोष्ट वेगळी. तरी जहाजाच्या रोजच्या पत्रकात बंदरातल्या एजंटचा फोन छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेव. पासपोर्ट जहाजावर जमा करून घेतले असतील तर निदान झेरॉक्स आणि व्हिसाच्या पानाची प्रत खिशात हवी.

आता ते सहा तास. आज रात्रीच पहिलं काम कर, तो दिवस कोणत्या वारी येतो ते बघ. सोमवारी अकादेमिया आणि उफिझी ही दोन्ही कलासंग्रहालयं बंद असतात. सोमवार नसेल तर अकादेमियाची साडेदहा-अकराची तिकिटं आत्ताच काढ. लहान संग्रहालय आहे, एका तासात मनासारखं होतं. सईला सांग, डेव्हिडच्या पुतळ्याकडे सरळ धावायचं नाही. आधी दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट राहिलेले कैदी आहेत, दगडातून बाहेर पडायला धडपडणारे, ते बघायचे. मग डेव्हिड. पाच मीटरहून उंच आहे तो. समोरून सगळेच बघतात. तिने त्याच्या उजव्या बाजूला जाऊन खाली सोडलेला हात बघावा. मनगटापासून बोटांपर्यंत शिरा फुगलेल्या आहेत. चेहरा शांत आहे, पण हाताला माहीत आहे पुढे काय करायचंय. मी तिथून हलूच शकलो नाही.

उफिझी मी मुद्दाम सुचवत नाही, ती अर्धा दिवस खाते. पण तिच्याबद्दल आण्णांना एक गोष्ट नक्की सांग. १९४४ साली लढाई फ्लॉरेन्सच्या वेशीवर आली तेव्हा तिथली चित्रं आधीच आसपासच्या वाड्यांत हलवून ठेवली होती. मोंतेगुफोनीच्या वाड्यात बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमाव्हेरा’ होतं, आणि त्या चित्रांवर पहारा दिला तो आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांनी. गावाकडून गेलेली पोरं ती!

अकादेमियानंतर दुओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बाहेरून, पुढे सिन्योरिया चौक, जेवण. आण्णांना मांसाहार नको असेल तर रिबोल्लिता मागव: शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजीचं घट्ट सूप, पोट भरतं. गाड्यावर लाम्प्रेदोत्तो दिसलं तर ती वजडी आहे, एवढं ध्यानात ठेव.

आणि दीडच्या सुमारास टॅक्सी कर. हे पत्र लिहायला बसलो ते खरं तर याच्यासाठी.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला कास्चिने नावाची मोठी बाग आहे, आर्नो नदीच्या काठाकाठाने लांबच लांब. तिच्या अगदी टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे तुझ्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज आहेत. १८७० साली ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. वय वर्षं वीस. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती, आणि तिथे दहन ही ऐकिवात नसलेली गोष्ट. बरोबरच्या लोकांनी खास परवानगी मिळवली आणि दोन नद्यांच्या संगमावर रात्री अग्नी दिला. आपल्याकडे संगम बघून देतात तसाच. चार वर्षांनी तिथे त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली, तिचा आराखडा चार्ल्स मँटचा. हाच मँट ज्याने पुढे तुमचा न्यू पॅलेस बांधला. तू लहानपणी ज्या वास्तूच्या आवारात हरणं बघायला जायचास, तिच्या वास्तुकाराचं काम तिथे परक्या नदीकाठी उभं आहे.

मी गेलो तेव्हा दुपार होती. नक्षीदार छत्री, खाली महाराजांचा अर्धपुतळा, भोवती कठडा. बाजूने सायकलवाले आणि पळायला आलेली मंडळी जात होती. एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन बसले होते. मी बराच वेळ उभा आहे हे बघून त्यांनी विचारलं, ‘इंडिया?’ मी मान हलवली. ते उठले आणि मला बसायला जागा दिली. विजय, तुम्ही सगळे कोल्हापूरकर तिथे उभे राहणार या विचाराने मला लिहितालिहिता भरून येतंय. आण्णांनी आयुष्यभर भवानी मंडपातून जाताना हात जोडले. त्यांना इथे न्यायचं राहू देऊ नकोस. येताना एखादं फूल बाजारातून घ्या.

टॅक्सीवाल्याला ‘पियाझ्झाले देल्लिंदियानो’ असं लिहिलेला कागद दाखव. तिथे टॅक्सी स्टँड नाही, म्हणून त्यालाच थांबवून ठेव. मीटर पडेल तेवढा पडू दे. ट्रामही कास्चिनेपर्यंत जाते, पण ती बागेच्या या टोकाला सोडते, छत्री त्या टोकाला. आण्णांना एवढं चालवायचं नाही. जाऊन येऊन दीड तास. साडेतीनपर्यंत बसच्या जागी हजर राहता येतं, थोडा वेळ हाताशी ठेवून.

राहिला दुसरा दिवस. चिवितावेक्कियाहून रोम म्हणजे परत दीड तासाची बस, परत ऊन, परत दगडी फरशा. लागोपाठ दोन लांबचे दिवस आण्णांना झेपणार नाहीत. तुझ्या मनात असेल की रोम मोठं, तेव्हा आण्णांना तिथे न्यावं आणि फ्लॉरेन्सला विश्रांती द्यावी. मला उलट वाटतं. रोमच्या दिवशी त्यांना जहाजावर राहू दे. सगळे उतरलेले असतात, डेक मोकळा असतो, निवांत चहा मिळतो. वहिनी थांबायला तयार असतील तर तू आणि सई जा. पण हे त्यांना स्वतःला विचार, परस्पर ठरवू नकोस. छत्रीचं सांगितल्यावर ते काय म्हणतात ते मला कळव.

वार बघितलास की लगेच फोन कर. अकादेमियाच्या तिकिटांना उशीर नको, उन्हाळ्यात ती झपाट्याने संपतात. सईचं वय आणि पासपोर्टवरचं नाव पाठव, मी इथूनच काढून देतो.

तुझा,
श्रीकांत